पांढरा थर

"सर, तुम्ही यावर फुंकर नाही ना मारत?"

खनिजबाई दारातूनच बोलल्या, आणि दातवाल्यांच्या ओठांचा झालेला चंबू तसाच राहिला. समोर दिव्याखाली नखाएवढा जबडा होता. त्यात उंदराएवढ्या कुठल्याशा प्राण्याचे दात, आणि दातांच्या खाचांतून पिठासारखी पांढरी भुकटी. ती मऊ ब्रशनं सैल करायची आणि हलकेच फुंकर घालायची, की लाखो वर्षांत कुणाच्या दृष्टीस न पडलेला दात लख्ख उघडा होतो. त्यांची उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली होती. संग्रहालयात त्यांना दातवाले म्हणत आणि पुढे बाहेरही तेच नाव झालं. नवा शिपाई आला की हमखास दाढ दाखवायला यायचा, आणि आपण तसले नव्हे हे सांगताना दातवाल्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. निवृत्तीनंतरही मागची खोली आठवड्यातले दोन दिवस वापरू देत होते, तर तेही त्यांना उपकारासारखं वाटे. आपण सतत कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. म्हणून बाईंना दारात पाहून त्यांनी आधी स्वतःची खुर्ची मागे सरकवली. "या ना, आत या." पण बाई आल्या नाहीत. एरवी त्या थेट टेबलापाशी येऊन बिस्किटांचा डबा उघडायच्या. आज उंबरठ्याबाहेर पाय जुळवून उभ्या होत्या, आणि त्यांच्या नाकातोंडावर मास्क होता.

"मारतो की," दातवाले म्हणाले. "फुंकर मारल्याशिवाय दिसणार कसं?"

"मग आता नका मारू. ते ओल्या फडक्यानं झाका आणि बाहेर या. कोटही इथेच राहू द्या, सर. झटकू नका."

खालच्या मजल्यावर बाईंची खोली. तिथे काचेच्या भिंतींमागे मोठी यंत्रं, आणि दगड बघायला येणाऱ्याला आधी हात धुवायला लावायची बाईंची शिस्त. दातवाले त्यावरून त्यांना नेहमी चिडवत. आमचे दगड आम्ही चाटून बघतो, म्हणत. ते खरंही होतं. हाड की दगड हे कळत नसलं तर त्यांच्या धंद्यातले लोक जिभेचं टोक लावून पाहतात. दगड नुसता गार लागतो, जुनं हाड जिभेला किंचित चिकटतं. त्या पांढऱ्या दगडाची चव त्यांना बायकोच्या हातच्या चहाइतकी ओळखीची होती. त्यांना खाली आणून बाईंनी पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं एक चित्र लावलं. काळ्या अवकाशात लखलखणाऱ्या केसांच्या जुड्या, सुयांच्या मोळ्या, काही इतक्या बारीक की नजर ठरेना.

"हे काय, गवत?"

"तुमचा पांढरा दगड. ज्वालामुखीच्या राखेचा थर. राखेत पुढे पाणी मुरलं, आणि पोकळ्यांत हे तंतू वाढले."

"सुंदर आहे," दातवाले म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं.

"हो ना," बाई म्हणाल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर बसला होता. सार्वजनिक आरोग्याचं काम करणारा. त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसासारखा होता, पण बोलणं मऊ होतं. त्यानंच सांगितलं, की त्या थराच्या अंगावर वसलेल्या गावात छातीच्या एका दुखण्यानं मरणारे लोक त्याला फार सापडले होते. फुप्फुसाभोवतीचं आवरण जाड होतं, पाणी भरतं. सगळे तंबाखूला दोष देत होते, चुलीच्या धुराला देत होते. पण कधी विडीला हात न लावलेल्या बायकाच जास्त निघाल्या. घर झाडणाऱ्या, भिंती सारवणाऱ्या. घरं त्याच दगडाची. मग त्यानं घराचा एक तुकडा खिशात घालून खनिजबाईंकडे आणला, आणि बाईंना तो तुकडा पाहताक्षणी वरच्या मजल्यावरचे दातवाल्यांचे खण आठवले.

दातवाल्यांना गाव आठवलं. उत्खननाचे कितीतरी हंगाम ते तिथे राहिले होते. भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटायचा, आणि घरमालक हसून म्हणायचा, आता तुम्ही आमचे झालात. त्या घरमालकाला शेवटी शेवटी जिना चढताना मध्ये बसावं लागे. "म्हातारपण, दुसरं काय," तो म्हणायचा, आणि तेव्हा तो दातवाल्यांच्या आजच्या वयापेक्षा बराच लहान होता. हे आत्ता, या खोलीत, पहिल्यांदा लक्षात आलं. इतक्या बारीक दातांवरून प्राण्याचं वय सांगणारा माणूस आपण, आणि समोर बसून भाकरी मोडणाऱ्या माणसाचं वय आपल्याला दिसलं नाही. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं. "म्हणजे सगळ्यांनाच..."

"नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. आणि झालं तरी फार वर्षांनी होतं. तीस, चाळीस. भुकटी ओली असली तर उडत नाही, कोरडी असली की वाईट."

"आणि ज्याला होतं, त्याला?"

डॉक्टरनं पाण्याचा ग्लास उचलून एक घोट घेतला. तहान लागल्यासारखा मात्र तो दिसला नाही. मग त्यानं अगदी साध्या आवाजात प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वर्षं काम केलंत, दम लागतो का, छातीत कुठे टोचतं का. आणि मग, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

दातवाल्यांच्या डोळ्यांपुढे घरची गॅलरी आली. संध्याकाळी दार उघडल्याबरोबर कोट त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेणारी बायको, कठड्याबाहेर हात ताणून तो फटाफट झटकणारी, वाऱ्यानं सगळं उलटं तोंडावर आलं की डोळे मिटून हसणारी.

"लाँड्रीत," दातवाले म्हणाले.

"घरात कधी तो दगड नेलात? मुलांना खेळायला, शोभेला?"

"छे. नाही."

डॉक्टरनं मान हलवली. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि मग कळतं, तसं ते झालं होतं. आयुष्यात त्यांना एकही वाक्य छातीठोकपणे लिहिता आलं नव्हतं. त्यांचा प्रत्येक लेख "ही शक्यता नाकारता येत नाही" असा संपायचा, आणि त्यावरून बायको म्हणायची, मला मागणी घालतानासुद्धा यांनी असंच काहीतरी म्हटलं होतं. आणि आज दोनदा, पाठोपाठ, इतकं ठाम उत्तर. खनिजबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. बाई त्यांच्या घरी कितीदा जेवल्या होत्या.

रस्त्यावर आल्यावर थंडी अंगात शिरली. कोट नव्हता. बस न घेता ते चालत निघाले, कारण बसमध्ये माणसं शेजारी बसतात. प्रत्येक श्वास ते आता मोजून मापून घेत होते, जसं काही छातीत काचसामान भरलं आहे आणि धक्का लागला तर किणकिणेल. एका दुकानाच्या काचेत त्यांनी स्वतःला पाहिलं. तोंड घट्ट मिटलेला, खांदे आवळलेला म्हातारा. त्यांना स्वतःचीच भीती वाटली होती, आधी स्वतःची, ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती. डाव्या बरगडीखाली खरंच टोचत होतं. सकाळपर्यंत टोचत नव्हतं. मग चौकात रस्ता ओलांडायला थांबले असताना शेजारच्या बाई खोकल्या, आणि त्या खोकल्याबरोबर त्यांची स्वतःविषयीची भीती निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी, फार मोठी भीती येऊन बसली. बायकोला महिनाभर खोकला होता. कोरडा. घशात केस अडकल्यासारखं होतं, म्हणायची. आपण तिला काय म्हणालो होतो? गरम पाणी पी. वर्तमानपत्रातून मान वर न करता, गरम पाणी पी.

आणि नुसता कोट असता तर. पुडीची गोष्ट डॉक्टरला ठाऊक नव्हती, खनिजबाईंनाही नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्यावहिल्या हंगामाहून परतताना त्या पांढऱ्या दगडाचा एक मोठा तुकडा पिशवीतच फुटला होता. बायकोनं पिशवी मोरीत उपडी केली, चार शब्द सुनावले, आणि ओल्या हातानं ती भुकटी गोळा करता करता तांब्याच्या किटलीचा एक कोपरा चमकलेला तिला दिसला. मग तिनं सगळी किटली घासली. ती घेऊन ती त्यांच्या टेबलापाशी आली आणि किटलीत त्यांचा चेहरा त्यांना दाखवून म्हणाली, "तुमच्या दगडांचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला बघा." तेव्हापासून दर हंगामाला पिशवी भरून दगड यायचा. ती तो कुटायची, फडक्यातून गाळायची, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात भरायची. डबा उलटा करून हलवला की पूड भुरभुरत खाली यायची, आणि खिडकीतून ऊन असलं तर तिचा एक ढग बराच वेळ तरंगत राहायचा. तो ढग पाहायला त्यांना आवडायचं. त्या ढगात उभी असलेली बायको त्यांना आवडायची. त्यांच्या हातून आलेली, कुणाच्या कामाची अशी घरात ती एकच वस्तू होती. लेख कुणी वाचत नव्हतं. पूड मात्र शेजारीपाजारी पितळ घासायला मागून न्यायचे. वरच्या मजल्यावरची नर्स, खालचे टेलरकाका, आणि समोरच्या काकू तर सर्वांत जास्त. जिन्यात भेटल्या की काकू हाक मारायच्या, "काय दातवाले, यंदा पूड नाही वाटतं?" आणि जिन्यात कुणी आपल्याला हाक मारावी या गोष्टीनं ते दिवसभर सुखावून राहायचे.

दिवसभर असेच भटकून दिवेलागणीला ते इमारतीच्या दारात थांबले. मग चढू लागले, सावकाश, कठड्याला धरून. जुनी इमारत, प्रत्येक दाराला पितळी मूठ. जिन्याच्या दिव्यात टेलरकाकांच्या दाराची मूठ सोन्यासारखी चमकत होती. पुढच्या दाराचीही. त्याच्या पुढच्याही. बाहेरून येणारे पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे काय स्वच्छता आहे हो, आणि बायको कोपरानं त्यांना ढोसायची. आता ते एकेक मूठ पाहत वर गेले आणि प्रत्येक मुठीतून एक वाकडा, फुगीर चेहरा त्यांच्याकडे पाहत राहिला. शेवटी स्वतःच्या दाराशी आले. सगळ्यांत लख्ख मूठ त्यांचीच. तिला हात न लावता त्यांनी बेल दाबली.

"किल्ली विसरलात?" बायकोनं दार उघडलं. आणि लगेच, "कोट कुठाय?"

"राहिला."

"राहिला? माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो. या थंडीत अंगातला कोट विसरतो?"

"लाँड्रीत टाकला."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांचा कोट लाँड्रीत गेलेला नव्हता. "बरं," ती म्हणाली. एवढंच. ती बरं म्हणाली की त्यात काय काय असायचं हे त्यांना ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात गेली, ते मागोमाग. ओट्यावर किटली होती, धुरकटलेली, आणि तिच्याशेजारी डबा. निवृत्तीनंतर नवी पूड आली नव्हती, म्हणून तळाशी उरलेली ती जपून, सणावाराला काढावी तशी काढायची. आज का काढली? तिच्या भावाला उद्या चहाला बोलावलं होतं, हे त्यांना आठवलं. तिनं डबा उचलला, मध्येच बाजूला वळून खोकली, दोन वेळा, आणि डबा उलटा केला.

त्यांनी तिचं मनगट धरलं.

इतक्या जोरात धरलं, की ती घाबरून नुसती बघत राहिली. त्यांनी तिच्या हातातून डबा सोडवला. झाकणाची भोकं तळहातानं घट्ट दाबून त्यांनी तो नळाखाली नेला, नळाची धार अगदी बारीक केली, आणि हात किंचित सरकवून पाणी आत जाऊ दिलं. ओलं झालं की उडत नाही. पाणी भोकांतून आत गेलं, आत काहीतरी फुसफुसलं, मग दुधासारखा एक ओघळ बाहेर आला. तिनं हे सगळं पाहिलं.

"शेवटची होती ती," ती म्हणाली.

"माहितीय."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

ते ओट्याशी पाठमोरे उभे राहिले आणि बोलू लागले. गावापासून सुरुवात केली, मग वाटलं हे फार लांबून होतंय, मग खनिजबाईंच्या सुया सांगितल्या, मग राखेत पाणी कसं मुरतं ते सांगू लागले. वर्गात विषय हातातून सुटला की व्हायचं तसं झालं. "तंतू असू शकतात, म्हणजे आहेतच, पण त्यामुळे प्रत्येकाला काही होईलच असं नाही, तरी ही शक्यता..."

"अहो," ती म्हणाली. "लेख नको. मला काय झालंय ते सांगा."

"तुला काही झालेलं नाही. झालंय का ते माहीत नाही. पूड वाईट आहे. कोटावरची धूळ वाईट आहे. छातीत जाते आणि राहते." ते थांबले. "मी आणली."

नळ ठिबकत होता. तिनं तो नीट बंद केला. मग स्टुलावर बसली, पदरानं हात पुसले, हात पुसून झाले तरी पुसत राहिली. "कधी कळलं?"

"आज सकाळी."

"आणि दिवसभर हे घेऊन एकटेच फिरत होतात?" तिच्या आवाजात राग होता, पण तो कशावर हे त्यांना उमगेना. तेवढ्यात तिला खोकला आला. तिनं तो दाबायला पाहिलं, त्यामुळे तो वाढला. दोघंही तो ऐकत राहिले, दार न वाजवता घरात कुणी तिसरं आल्यासारखं. तो थांबल्यावर ती म्हणाली, "आता दर खोकल्याला असे बघणार आहात का माझ्याकडे?"

"डॉक्टरनं विचारलं, कपडे कोण धुतं. मी लाँड्री म्हटलं."

"का?"

तिचा चेहरा त्यांनी इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता. भीतीनं माणूस लहान मुलासारखं दिसतं हे खरं होतं. मग तिनं तोंडावरून हात फिरवला आणि फोन आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सांगा त्याला. माझ्यासमोर सांगा."

फोन डॉक्टरनंच उचलला. दातवाल्यांनी त्याला सांगितलं, की लाँड्री खोटं होतं, आणि घरात दगड नेला नाही हेही खोटं होतं. पलीकडून तोच मऊ आवाज आला. दोघांनीही उद्या सकाळी या. आधी छातीचा फोटो काढू. घाबरू नका. आणि मग, "ती पूड आणखी कुणाकडे गेली होती का?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. आवाज तिला ऐकू आला होता. तिचे डोळे दाराकडे गेले, दारापलीकडे गेले, जिन्यातल्या एकेका मुठीवरून खाली उतरत गेले, आणि ते तिच्या डोळ्यांमागोमाग उतरत गेले. "काकू," ती पुटपुटली. "काकू तर कोरडीच वापरतात. ओलीनं डाग राहतात म्हणून. मीच शिकवलं त्यांना."

"मी सांगतो सगळ्यांना," दातवाले फोनमध्ये म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे फोन ठेवल्यानंतर त्यांच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत या इमारतीतलं एकही दार त्यांनी आपण होऊन वाजवलेलं नव्हतं. पूड द्यायलाही तीच जायची. "मी जाते," ती उठत म्हणाली. "दिली मी आहे."

"आणली मी," ते म्हणाले.

मग दोघंही निघाले. ओला डबा त्यांनी पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला. जिन्यात दिवा होता. समोरचं दार चार पावलांवर होतं, आणि त्या चार पावलांत त्यांना वाटून गेलं, की अजून परत फिरता येईल. काकूंना आजवर काही झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, बहुतेकांना होत नाही, मग एका म्हाताऱ्या बाईची झोप कायमची का घालवायची. हा विचार इतका शहाणा, इतका मायेचा वाटत होता की तो आपल्याच भीतीचा आहे हे ओळखायला त्यांना दारापर्यंत पोचावं लागलं. बेल बिघडलेली होती. मूठ मात्र आरशासारखी होती. त्यांनी बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केली. इतकी हळू, की मागून बायकोनं हात पुढे करून पुन्हा केली.

आत सपाता घासत येण्याचा आवाज. कडी. काकूंनी दार उघडलं, आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बायकोकडे, मग त्यांच्या हातातल्या पिशवीकडे आणि तिच्यातल्या डब्याच्या ओळखीच्या आकाराकडे. त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, स्वतः दातवाले," काकू म्हणाल्या. "पूड आणलीत? बरं झालं हो. माझी संपतच आली होती." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

दातवाल्यांनी पिशवी छातीशी धरली. मघापासून आपण श्वास रोखून ठेवला आहे हे त्यांना जाणवलं. तो त्यांनी काकूंच्या अंगावर जाऊ नये म्हणून तोंड बाजूला करून सोडला, आणि म्हणाले, "देत नाही, काकू. तुमच्याकडची परत न्यायला आलोय. बसून सांगायचंय. आत येऊ का?"